देवळाला चुन्याचा दुसरा हात

मिर्सिनीचा फोन आला तेव्हा मी वांग्यांना पाणी घालत होतो आणि घालता घालता सायंप्रार्थनेतला एक अवघड आलाप घोळवत होतो. ही दोन कामं मी एकत्रच करतो, कारण माझा आलाप शेवटपर्यंत ऐकून घेणारं आमच्या घरात वांग्यांशिवाय कुणी नाही. माझी बायको एव्हान्थिया म्हणते, म्हणूनच आमची वांगी कडू निघतात.

"आजोबा, आम्ही येतोय," मिर्सिनी म्हणाली. मिर्सिनी माझी नात, अथेन्सला पुरातत्त्व शिकते.

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळा वर्ग. विद्यापीठाची बोट असते ना दर उन्हाळ्यात? प्राध्यापक वलासोपुलोस मुलांना बेटाबेटांवरचे अवशेष दाखवत फिरवतात. डिलॉस, नॅक्सॉस, आणि यंदा मी सांगितलं म्हणून थिमारी."

"थिमारीत काय आहे बघायला?"

"देऊळ, आजोबा. अपोलोचं."

मी नळ बंद केला. "हळू बोल."

"मी अथेन्समध्ये आहे, आजोबा."

"तरी हळू बोल."

आता हे हळू बोलण्याचं प्रकरण जरा उलगडून सांगायला हवं. थिमारी बेटावर प्राचीन देऊळ नाही. मला विचारा, सरपंचाला विचारा, चर्चच्या पायरीवर बसलेल्या म्हातारीला विचारा. सगळे छातीवर हात ठेवून हेच सांगतील. सरकारदरबारीही तसंच आहे. आणि ते अगदी खरं आहे, कारण देऊळ बेटावर नाही, ते आमच्या घराघरांत आहे. कुणाच्या खुराड्यात, कुणाच्या ओट्याखाली, कुणाच्या उंबऱ्यात. माझ्या अंगणातल्या लिंबाखाली खांबाचा एक गोल तुकडा आहे, त्यावर बसून मिर्सिनीने लहानपणी सगळे उन्हाळे कलिंगड खाल्लं. आणि त्या देवळाचा मूळ चौथरा जर कुठे असेलच, तर तो आमच्या स्वयंपाकघराच्या खाली आहे. पण तो नाही.

हे असं का, तर कालिओपीच्या दिरामुळे. कालिओपी माझी शेजारीण. तिच्या दिराने पाण्याची टाकी बांधायला खड्डा खणला, त्यात एक संगमरवरी पाऊल सापडलं. नुसतं पाऊल, घोट्यापर्यंत. दीर प्रामाणिक होता, देव त्याचं भलं करो. त्याने मोठ्या बेटावरच्या पुरातत्त्वाच्या कचेरीला कळवलं. साहेब लोक आले, त्याच्याशी हात मिळवला, त्याला आदर्श नागरिक म्हणाले आणि खड्ड्याभोवती तारेचं कुंपण घातलं. बाकीचा माणूस सापडेपर्यंत टाकी नाही, घर नाही, अंजिराचं झाडसुद्धा नाही. बाकीचा माणूस अजून सापडलेला नाही. दीर मेलबर्नला निघून गेला, तिथे म्हणे खणलं तर मातीच लागते. तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या कुदळीला संगमरवर लागला की तो इकडेतिकडे बघतो, छातीवर क्रूसाची खूण करतो आणि माती परत लोटतो.

"मिर्सिनी, बाळा," मी म्हणालो, "तुझ्या सरांना दुसरं काहीतरी दाखवू. पवनचक्की आहे. आमचे फादर आहेत."

"आजोबा, ऐका ना. सर उत्खननाच्या तुकडीत एकालाच घेणार आहेत. प्रत्येकाने एकेका ठिकाणी उभं राहून भाषण द्यायचं आणि त्यावरून ठरणार. सगळ्यांनी डिलॉस मागितलं, मी थिमारी मागितलं. सर म्हणाले, 'थिमारीत काही नाही.' मी वर्गासमोर म्हटलं, 'आहे.' "

पुढे ती काही बोलली नाही. लहानपणी ती पडली की रडायच्या आधी अशीच गप्प व्हायची.

"आहे," मी म्हणालो. "ये तू."

फोन ठेवला आणि वळलो, तर दारात एव्हान्थिया.

"काय आहे?" तिने विचारलं.

"देऊळ."

"कुठे?"

मी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि शेवटी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"माझ्या चुलीला हात लावलास तर बघ," ती म्हणाली आणि आत गेली.

सरळ मार्गाने जावं, हा माझा स्वभाव. चर्चमध्ये उजव्या बाजूला उभं राहून गाणाऱ्या माणसाने आडमार्गाने जाणं शोभत नाही. डाव्या बाजूच्या गायकाचं मी सांगत नाही. म्हणून मी फेरीबोटीने मोठ्या बेटावरच्या त्या कचेरीत गेलो. तिथे एक तरुण साहेब थंड कॉफीचा फेस काडीने ढवळत बसला होता.

"एक विचारायचं होतं," मी म्हणालो. "समजा, एखाद्या माणसाकडे एक दगड आहे."

"कुठे आहे?"

"समजा, आहे."

"तो कळवावा लागेल."

"आणि समजा, त्या माणसाला तो दगड एका दुपारपुरता जरा चार पावलं हलवायचा असेल, पाहुण्यांना दाखवायला?"

"त्याला परवानगी लागेल."

"ती कशी मिळते?"

"आधी दगड कळवावा लागेल."

"आणि कळवला की?"

"कळवलेला दगड हलवता येत नाही."

मी थोडा विचार केला. "आणि समजा, त्याच्याकडे दगड नाहीच?"

"मग हलवायचं काय?"

"म्हणजे नसलेला दगड हलवायला हरकत नाही?"

त्याने काडी खाली ठेवली. "आजोबा, तुम्ही कुठले?"

"समजा," मी म्हणालो, "मी आलोच नव्हतो." आणि परतीची बोट पकडली. कचेरीत गेलेला माणूस इतक्या लवकर मोकळा होऊन परतल्याचं आमच्या बेटावर कुणाला आठवत नाही, एवढंच या खेपेचं श्रेय.

बंदरावर उतरतो तो सगळ्या गावाला सगळं ठाऊक. एव्हान्थियाने फक्त कालिओपीला सांगितलं होतं, आणि तेही कुणाला सांगू नकोस असं बजावून. थोदोसिस मला कॉफीच्या दुकानातच घेऊन गेला. थोदोसिस आमचा सरपंच आणि बेटावरचं एकमेव कॉफीचं दुकानही त्याचंच. त्यामुळे पंचायतीची बैठक कधी सुरू होते आणि कॉफी कधी संपते, हे आमच्याकडे वेगळं सांगता येत नाही.

"ख्रिसान्थोसकाका," तो म्हणाला, "विद्यार्थ्यांची बोट म्हणजे तरुण माणसं. तरुण माणसं म्हणजे तहान. हे बेटाच्या भल्याचं आहे."

"तुझ्या दुकानाच्या," कालिओपी म्हणाली.

"दुकान बेटावरच आहे ना, मावशी?"

"मिर्सिनीसाठी करा," मी म्हणालो. "ती तुमच्या सगळ्यांच्या मांडीवर खेळलीय. वर्गासमोर शब्द देऊन बसलीय पोर. एका दुपारपुरते आपापले दगड माझ्या अंगणात आणून द्या. बोट गेली की जो तो आपला परत नेईल."

 थोदोसिसने टेबलावरचा पत्रा नकळत दोन्ही हातांनी झाकला. त्या पत्र्याखाली खांबाचा तुकडा आहे हे आम्ही सगळे जन्मापासून जाणतो, कारण आमचे गुडघे त्यावर आपटत आलेत.

"माझ्याकडे दगड नाही," थोदोसिस म्हणाला.

"माझ्याकडेही नाही," कालिओपी म्हणाली. "पण आणला, तर समोर कुणाचा राहील?"

पुढची सगळी बैठक यावरच झाली. कालिओपीच्या खुराड्यात खांबाचं नक्षीदार डोकं होतं, पानाफुलांचं. त्यावर तिच्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या झोपत आल्या होत्या. तिचं म्हणणं, नक्षी तिची, तेव्हा मान तिचा. थोदोसिसचं म्हणणं, डोकं कुणाचंही असो, ते त्याच्या खांबावरच बसणार. चावडीच्या पाणपोईत नळ बसवलेलं संगमरवरी सिंहाचं तोंड कुणाचं, यावर तर दोन घराण्यांनी तिथल्या तिथे बोलणं टाकलं. शेवटी ठरलं की प्रत्येकाचा दगड समोरच ठेवायचा. चौकोनी देवळाला चार बाजू असतात, हे माझं म्हणणं कुणीही विचारात घेतलं नाही.

मग मी फादर नेक्तारिओसकडे गेलो. ते कसे आहेत हे सांगायला बसलो तर बोट निघून जाईल, पण थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इतर ठिकाणचे पाद्री प्रवचन बोलतात. आमचे फादर बोलता बोलता गायला लागतात. आधी साधं गद्य असतं, चार समजुतीच्या गोष्टी असतात. मग एखाद्या शब्दावर आवाज जरासा वर चढतो, आणि बघता बघता तो शब्द पंख पसरून घुमटाखाली फिरू लागतो. आपण खाली उभे आहोत हेही विसरायला होतं. आणि मध्येच ते गावातल्या कुणाचं तरी नाव त्या निरूपणात अलगद गुंफतात. समुद्रातून वाचलेल्या कोळ्याचं, सासू सांभाळणाऱ्या सुनेचं. माझं नाव त्यांनी कधी गुंफलं नाही. मी आयुष्यभर त्यांच्या उजव्या हाताला उभा राहून साथ करतो आहे. मागून घ्यायची ही गोष्ट नव्हे, म्हणून मी कधी मागितलं नाही. फक्त रोज वाट पाहिली.

"फादर," मी म्हणालो, "वेदीखाली जो खांब आहे..."

"तो नाही मिळायचा," ते म्हणाले. "त्याने अपोलोला पाठीवर घेतलं, आता ख्रिस्ताला घेतोय. त्याला आणखी कामाला लावू नकोस."

"आणि हे सगळं करणं पाप तर नाही ना?"

फादरांनी दाढी कुरवाळली. "खोटं बोलू नकोस, म्हणजे झालं. गप्प राहण्याचं काही लिहिलेलं नाही."

दगड येऊ लागले. कुणी गाढवावर, कुणी फळ्यांवर ओढत, कुणी पोत्यात गुंडाळून. नसलेल्या वस्तूची एवढी वाहतूक आमच्या गल्ल्यांनी कधी पाहिली नव्हती. सिंहाचं तोंड आलं ते नळासकट. तो नळ निघेना, म्हणून त्याला वांग्यांची नळी जोडून दिली, आणि त्यामुळे सबंध वरची आळी माझ्या अंगणात पाणी भरायला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जाई. खांब मुळात किती उंच होते यावर लोक माझ्या वांग्यांत उभे राहून भांडत. वांगी गेली.

थोदोसिसला मात्र आपला खांब नेताना कुणी बघायला नको होतं, म्हणून त्याने रविवारची वेळ निवडली. सगळं गाव चर्चमध्ये, गल्ल्या रिकाम्या. आत फादर नम्रतेवर बोलत होते. एवढ्यात वरच्या पायऱ्यांकडून गडगडाट सुरू झाला. तो जवळ आला, आणखी जवळ आला, आणि धाडकन चर्चच्या दाराला काहीतरी येऊन धडकलं. दार उघडलं. उंबऱ्यात थोदोसिसचा खांब, आणि त्याच्या मागे बऱ्याच वर थोदोसिस, दोन्ही हात डोक्याला लावून.

दुसरा कुणी असता तर गडबडला असता. फादर नेक्तारिओसांनी डोळे मिटले. "आणि तो दगड," त्यांनी सूर धरला, "तो दगड कुणी लोटला? थडग्याच्या तोंडावरचा तो दगड, जड, जड, कुणी लोटला?" काय तो 'लोटला'! त्या एका शब्दावर ते नम्रतेतून थेट पुनरुत्थानात गेले. मी खालचा सूर धरून ठेवला, तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायका हुंदके देत होत्या. आणि शेवटी, "थोदोसिसा, थोदोसिसा, लोट तुझ्याही काळजावरचा दगड!" म्हणून त्यांनी त्याचं नाव गुंफलं. थोदोसिसचं! जो ईस्टरला एकदा येतो आणि तेव्हाही मेणबत्ती घेऊन बाहेरच उभा असतो. मी खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझा सूर किंचित खाली घसरला.

बोट येण्याच्या आदल्या दिवशी देऊळ उभं राहिलं. उभं राहिलं म्हणजे रांगेत आलं. थोदोसिसच्या दुकानातल्या दिनदर्शिकेवर एका देवळाचं चित्र होतं, त्याबरहुकूम रचायचं ठरलं होतं. पण चित्राच्या खालच्या अर्ध्यावर आठवड्याचे वार छापलेले असल्यामुळे पायथ्याकडे काय असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कालिओपीचं नक्षीदार डोकं खाली राहिलं, कारण ते वर उचलायला कुणी धजेना. तरी सायंकाळच्या उन्हात ते सगळं मधासारखं पिवळं दिसत होतं, आणि मला गहिवरून आलं. मी एव्हान्थियाला बाहेर बोलावलं.

"बघ," मी म्हणालो.

तिने पाहिलं. "मळकं आहे," ती म्हणाली.

मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. आयुष्यात काही वाक्यांकडे लक्ष द्यायला हवं.

दुसऱ्या दिवशी संत पारास्केव्हीचा सण होता. बोट दुपारच्या आत येणार होती, आणि सकाळची प्रार्थना उरकून मी तिच्या आधी घरी पोचणार होतो. पण सणाचा दिवस, मिर्सिनी येणार, मन भरून आलेलं. मी प्रत्येक स्तोत्र लांबवलं. शेवटचं 'अलिलुया' तर मी असं काही धरलं की फादरांनी पडद्याआडून डोकावून पाहिलं. चर्चमध्ये बायका कमी आहेत हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटलं, पाहुण्यांसाठी स्वयंपाक चालला असेल.

आमच्या बेटावर पाहुणा यायचा म्हटलं की बाई पहिली कशाला हात घालते, हे बेटावरचं कुणीही सांगेल. पातेल्याला नाही, चुन्याच्या बादलीला. ईस्टर असो, लग्न असो, मेलबर्नहून दीर येवो. भिंत, पायरी, उंबरा, झाडाचा बुंधा, वाटेवरचे दगड, सगळ्यावर चुना. न रंगवलेल्या दगडावर पाहुण्याला उभं करणं म्हणजे त्याचा अपमान आणि त्याहून मोठी घरच्या बाईची बदनामी.

मी गायकाचा काळा झगा अंगात तसाच ठेवून धावत अंगणात आलो आणि जागच्या जागी थांबलो. उन्हात डोळे उघडेनात. अपोलोचं देऊळ पांढरंशुभ्र झालं होतं. खांब पांढरे, सिंह पांढरा, स्वयंपाकघराखालून डोकावणाऱ्या चौथऱ्याच्या पायऱ्या पांढऱ्या आणि त्यांना बोटभर निळी किनार. प्रत्येक खांबावर तुळशीची एकेक कुंडी. सिंहाच्या नळाला रिबीन. मधोमध कालिओपी, हातात कुंचला, कपाळावर चुन्याचा ठिपका.

"उशीर केलास ते बरं झालं," ती आनंदाने म्हणाली. "दुसरा हातसुद्धा देऊन झाला!"

म्हणजे पहिला हात माझ्या स्तोत्रांनी दिला होता आणि दुसरा त्या अलिलुयाने.

"अगं, हे काय केलंत?" मी म्हणालो.

"लाज राखली तुझी," एव्हान्थिया म्हणाली. "मुलांना काय ते कोंबड्यांनी घाण केलेलं देऊळ दाखवणार होतास? थू थू थू, दृष्ट लागेल असं झालंय बघ."

बंदरात बोटीचा भोंगा वाजला.

चढावरून मुलं आली, अर्ध्या चड्ड्यांत, उन्हाने लाल झालेली. पुढे प्राध्यापक वलासोपुलोस, गवती टोपी, गळ्यात भिंग. आणि त्यांच्या बाजूला माझी मिर्सिनी, हातात भाषणाचे कागद. वळणावर तिला देऊळ दिसलं आणि तिचे पाय थांबले. एव्हान्थियाने पुढे होऊन प्राध्यापकांना चमच्यात चेरीचा मुरंबा आणि गार पाणी दिलं. थोदोसिसने स्वागताचं भाषण सुरू केलं आणि पहिल्याच वाक्यात त्यात दुकानाची वेळ आली.

प्राध्यापकांनी मुरंबा संपवला, मिशी पुसली आणि अंगणाला एक फेरी मारली. खाली ठेवलेल्या नक्षीदार डोक्यापाशी थांबले. सिंहाच्या नळापाशी थांबले. रिबिनीपाशी तर बराच वेळ थांबले.

मग ते हसले. वाईट हसले नाहीत. सज्जन माणूस होता. "सुंदर आहे," ते म्हणाले. "किती दिवस लागले ओतायला?"

"ओतायला?" मी म्हणालो.

"सिमेंट. साचा छान केलाय. पण खांबाचं डोकं वर असतं, आजोबा." आणि ते मुलांकडे वळले. "मुलांनो, गावकऱ्यांनी प्रेमाने केलंय, हसू नका."

सगळी मुलं हसली.

"मिर्सिनी," प्राध्यापक हळूच म्हणाले, "तू लहान असताना तुला खरंच वाटलं असेल. होतं असं. तुझं भाषण आपण राहू देऊ."

गावकरी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला स्पष्ट वाचता येत होतं. गप्प राहा ख्रिसान्थो, देवच पावला. सिमेंट म्हणतोय. सिमेंटला कुंपण पडत नाही. बोट जाईल, खांब परत टेबलाखाली जाईल, कोंबड्या परत झोपतील. थोदोसिसने तर "हो हो, सिमेंटच!" म्हणून टाकलं आणि वर "उत्तम प्रतीचं!" अशी पुस्तीही जोडली.

माझ्या मानाचं म्हणाल तर ते मी गिळलं असतं. सिमेंट म्हटलेलं, साचा म्हटलेलं, सगळं. पण मिर्सिनीने भाषणाचे कागद घडी घालायला सुरुवात केली होती. एक घडी, मग त्याची आणखी एक घडी, अगदी लहान होईपर्यंत. 

मी तुळशीला पाणी घालायची बादली उचलली आणि थोदोसिसच्या खांबावर ओतली.

"काका!" थोदोसिस ओरडला.

दुसरा हात अजून ओला होता. मी झग्याची बाही धरली आणि घासायला लागलो. चुना ओघळला, निळी किनार ओघळली, माझा झगा पांढरा झाला, आणि खालून ते मधासारखं पिवळं वर आलं. त्या पिवळ्यात अक्षरं होती. थोदोसिसच्या पत्र्याखाली इतकी वर्षं तो भाग भिंतीकडे, मळाच्या थराखाली होता. आमचे गुडघे तिथे कधी पोचलेच नव्हते.

हसणं थांबलं. प्राध्यापकांनी टोपी काढली आणि गुडघ्यांवर बसले. भिंग डोळ्याला लावलं, पण त्यांनी वाचलं नाही. त्यांनी मागे न बघता हात केला. "मिर्सिनी. तुझं ठिकाण आहे. तू वाच."

तिने कागद तसाच मुठीत ठेवला आणि बोटाने अक्षरं चाचपत वाचलं. "थिमारीच्या... गायकांनी... मिळून अर्पण केलं... अपोलोला."

"म्हणजे तेव्हाही होते का असले!" एव्हान्थिया म्हणाली.

 माझ्या स्वयंपाकघराच्या जागी माणसं उभी राहून गात होती. बहुधा उजव्या बाजूला.

मग मिर्सिनी बोलली. कागद उघडलाच नाही. लिंबाखालच्या खांबावर बसून कलिंगड खाताना त्याच्या खोबणींत बिया कशा अडकत, तिथपासून ती सुरू झाली आणि ते देऊळ कसं असेल, कुठून सूर्य येत असेल, तिथवर गेली. मला निम्मं कळलं नाही. पण मध्ये एका शब्दावर तिचा आवाज जरासा वर चढला, आणि मी चर्चच्या बाजूला बघितलं. दाराशी फादर नेक्तारिओस मान डोलवत उभे होते.

भाषण संपलं. प्राध्यापक उठले आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"हे सगळं कुठून आलं?"

सबंध गावाने आकाशाकडे पाहिलं. कालिओपीने कुंचला पाठीमागे लपवला. आणि मला फादरांचं बोलणं आठवलं. खोटं बोलायचं नाही. तर खरं काय होतं? आमच्या खापरपणज्यांनी हे दगड उचलले कुठून?

"माझ्या अंगणातून," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं इथलंच आहे."

"हा सिंहही? या नळासकट?"

"त्या लोकांची पाण्याची सोय फार चांगली होती," थोदोसिस घाईने म्हणाला.

प्राध्यापकांनी गावाकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या झग्याकडे पाहिलं, आणि नळाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. सज्जन माणूस, म्हटलं ना.

कुंपण पुढच्याच फेरीबोटीने आलं. ते माझ्या अंगणाभोवती, लिंबाभोवती आणि अर्ध्या स्वयंपाकघराभोवती पडलं. थंड कॉफीवाला तो तरुण साहेब स्वतः आला होता. माझ्याशी हात मिळवून मला आदर्श नागरिक म्हणाला. "समजा, मी तुम्हाला कधी पाहिलंच नाही," असंही म्हणाला. आता मला भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी परवानगी लागते. आणि गाव? गावाच्या घरांत आता खरंच एकही दगड नाही. ज्याने त्याने निर्धास्त खणायला घेतलं. कालिओपीने माडी चढवली. थोदोसिसने दुकान समुद्राकडे वाढवलं आणि त्याला 'अपोलो' असं नाव दिलं. सगळं बेट बांधतंय, आणि मी माझ्या गळक्या नळाखाली भांडं लावून बसलोय.

त्या रविवारी फादर नेक्तारिओस दुसऱ्याचं ओझं वाहण्यावर बोलत होते. मी उजव्या बाजूला उभा. आवाज चढू लागला. "जेरुसलेमच्या वाटेवर," ते गाऊ लागले, "राजाला पाठीवर घेऊन कोण चाललं? ना घोडा, ना रथ. ते गरीब, ते गुणी, ते लांब कानांचं कोण चाललं?" सगळं चर्च श्वास रोखून उभं. "ख्रिसान्थोस," त्यांनी सूर घुमटात सोडला, "आमचा ख्रिसान्थोस चालला!"

आयुष्यभर वाट पाहिली ती या गाढवासाठी. माझ्या मानाला काय वाटलं ते मी सांगत नाही. पण तो सूर असा काही लागला होता, देवा, की मी खालचा स्वर धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. घरी येताना एव्हान्थिया माझा हात धरून चालली होती. "शोभलं तुला," ती म्हणाली. हात तिने इतक्या वर्षांत धरला नव्हता, म्हणून मी वाद घातला नाही.

आता दर उन्हाळ्यात मिर्सिनी येते. उत्खननाच्या तुकडीत तिला घेतलं आणि तुकडी माझ्याच अंगणात पाठवली. पूर्वी आठवडाभर यायची, आता सबंध हंगाम असते. गळ्यात शिट्टी असते. मी सवयीने लिंबाखालच्या खांबावर टेकलो की शिट्टी वाजते.

"आजोबा, उठा. संरक्षित आहे."

"अगं, यावर बसून तू कलिंगड..."

"उठा."

मी उठतो. मग ती बाजूच्या कुंपणाबाहेरच्या भिंतीवर जागा करते, कलिंगड कापते आणि आम्ही दोघं तिथे बसतो. बिया ती अंगणात टाकू देत नाही.

सकाळची प्रार्थना मी अजून गातो, पण बोट यायच्या दिवशी अलिलुया आवरतं घेतो. मागे घरात चुन्याची बादली भरलेली असते, आणि एव्हान्थियाच्या मते ते कुंपण फार मळकं दिसतंय.